तोंडातली गाठ: न दुखणारी म्हणजे साधी का?

ओठाच्या आतल्या बाजूला मोत्याएवढा फुगा येतो. हिरडीवर पुटकुळी दिसते. जीभ टाळूवर फिरवताना काहीतरी टणक लागते. अशी गाठ आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांच्या तोंडात येते आणि त्यातल्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. काळजी असते ती उरलेल्या थोड्या गाठींची. त्या ओळखताना लोक जी खूण धरतात, तीच फसवी असते: "दुखत नाही ना? मग काही नाही."

तोंडाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. तोंड आले की पाणी पिणेही नकोसे होते, पण ते आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते. तोंडाचा कर्करोग मात्र सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. तो दुखायला लागतो तेव्हा तो पुढे गेलेला असू शकतो.

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातले तुडील किंवा पोलादपूरच्या डोंगरातली एखादी वाडी घ्या. तिथून दातांच्या डॉक्टरकडे जायचे म्हणजे एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते, एसटीचे भाडे वेगळे. त्यामुळे "थांबून बघू" असे म्हणणे साहजिक आहे. ते किती दिवस म्हणायचे आणि कोणत्या गाठीसाठी म्हणायचे नाही, हे माहीत असले तर फुकटची खेप वाचते आणि गरजेची खेप चुकत नाही.

फोड, गळू, आवाळू: फरक काय?

बोलताना आपण सगळ्यालाच गाठ म्हणतो. डॉक्टर मात्र आत काय आहे ते पाहून फरक करतात.

- फोड किंवा छाला: वरची त्वचा सुटलेली किंवा सोललेली असते. तोंड येणे हा याचाच प्रकार.
- गळू: आत पू असतो. सूज, ठणका आणि कधी ताप असतो.
- सिस्ट: आत द्रव किंवा दाट पदार्थ असलेली पिशवी. ती सावकाश वाढते आणि सहसा दुखत नाही.
- मांसाची गाठ: आत द्रव नसतो, पेशींचीच वाढ झालेली असते. ती साधी असू शकते किंवा कर्करोगाची.

बाहेरून बघून नेहमीच नेमके सांगता येत नाही. तरी तीन गोष्टींवरून बराच अंदाज येतो: गाठ कुठे आहे, ती कशी वागते आणि तिला किती दिवस झाले.

मुळात गाठच नसलेल्या गाठी

अचानक आरशात दिसल्या म्हणून घाबरवणाऱ्या काही गोष्टी जन्मापासून तोंडात असतात.

जिभेच्या अगदी मागच्या भागात इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ ते बारा मोठे दाणे असतात. ते चवीचे दाणे आहेत. गालाच्या आत, वरच्या दाढांसमोर एक छोटा उंचवटा असतो. कानाजवळच्या लाळग्रंथीची नळी तिथे तोंडात उघडते. ओठांच्या आणि गालांच्या आत पिवळसर बारीक ठिपके दिसतात, त्या तेलग्रंथी असतात. या तिन्हींना उपचार लागत नाहीत.

टाळूच्या मधोमध किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला दगडासारखा टणक उंचवटा असेल, तर ती बहुधा हाडाचीच वाढ असते. ती वर्षानुवर्षे तशीच राहते. कवळी बसवताना अडचण आली तरच ती काढावी लागते.

एक सोपी कसोटी आहे. गोष्ट दोन्ही बाजूंना सारखीच असेल आणि वर्षानुवर्षे बदललेली नसेल, तर ती बहुधा शरीराचा नेहमीचा भाग असते. एकाच बाजूला, नव्याने आलेली आणि बदलत जाणारी गोष्ट दाखवून घ्यावी.

ओठातला पाण्याचा फुगा

खालच्या ओठाच्या आत मऊ, किंचित निळसर, पाणी भरल्यासारखा फुगा येतो. जेवताना फुटतो, चिकट पाणी निघते, दोन दिवस बरे वाटते आणि फुगा पुन्हा भरतो. याला म्युकोसील म्हणतात. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये तो जास्त दिसतो.

तोंडाच्या आतल्या अस्तराखाली शेकडो बारीक लाळग्रंथी असतात. प्रत्येकीची एक बारीक नळी तोंडात उघडते. ओठ दाताखाली आला, पडून मार लागला किंवा ओठ चावायची सवय असली, की ही नळी फाटते. ग्रंथी लाळ बनवतच राहते, पण ती तोंडात न येता अस्तराखाली साचते. तोच हा फुगा.

तो पुन्हा पुन्हा का येतो, याचे उत्तरही यातच आहे. सुईने फोडला तर साचलेली लाळ निघून जाते, पण फाटलेली नळी आणि तिची ग्रंथी जागेवरच राहते. वर सुईमुळे जंतू आत जातात ते वेगळेच. छोटे फुगे काही आठवड्यांत आपोआप जिरतात. जो टिकून राहतो किंवा परत परत भरतो, तो डॉक्टर जागा बधिर करून खालच्या ग्रंथीसकट काढतात. ग्रंथी मागे राहिली तर फुगा परत येऊ शकतो.

एक अपवाद लक्षात ठेवावा. टाळूवर किंवा वरच्या ओठात आलेली गाठ लाळेचा फुगाच आहे असे गृहीत धरू नये. लाळग्रंथींच्या खऱ्या गाठी याही जागी येतात, त्या दुखत नाहीत आणि त्यातल्या काही कर्करोगाच्या असतात.

जिभेखालची ‘बेडकी’ आणि लाळेचा खडा

जिभेखाली एका बाजूला मोठा निळसर फुगा आला तर त्याला रॅन्युला म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘छोटा बेडूक’. फुगा बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. यात जिभेखालची मोठी लाळग्रंथी गुंतलेली असते. फुगा मोठा झाला की बोलताना आणि गिळताना अडतो. कधी तो खाली मानेत उतरतो. याचे ऑपरेशन तोंड व जबड्याच्या सर्जनकडे किंवा नाक-कान-घशाच्या सर्जनकडे करून घ्यावे.

जेवायला बसल्यावर जबड्याखाली सूज येऊन दुखत असेल आणि तासाभरात उतरत असेल, तर लाळेच्या नळीत खडा अडकलेला असू शकतो. लिंबू किंवा कैरी पाहूनही ही सूज येते, कारण तोंडाला पाणी सुटले की लाळ त्या खड्यामागे तुंबते.

हिरडीवरची पुटकुळी: दुखायचे थांबले, आजार थांबला नाही

खेड्यापाड्यात सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित गाठ हीच असेल. दाढ किडते, खूप ठणकते, लवंगेचे तेल लावून किंवा मेडिकलमधून गोळ्या आणून रात्र काढली जाते. मग एक दिवस ठणका थांबतो. काही आठवड्यांनी त्याच दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी येते. ती फुटते, खारट-कडू पू येतो, पुन्हा भरते.

ठणका थांबतो तो दाढ बरी झाली म्हणून थांबत नाही. दाढेतली नस मेलेली असते आणि मुळाच्या टोकाशी साचलेल्या पूने हाडातून बाहेर पडायला वाट काढलेली असते. पुटकुळी हे त्या वाटेचे तोंड. वाट मोकळी असल्यामुळे आतला दाब कमी राहतो आणि दुखत नाही.

प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी सूज काही दिवस उतरते. पण मेलेल्या नसेपर्यंत रक्तच पोहोचत नसल्याने औषधही तिथे पोहोचत नाही. म्हणून गोळ्यांचा कोर्स संपला की पुटकुळी परत येते. उपाय दोनच आहेत: दाढेची रूट कॅनाल करणे किंवा दाढ काढणे. मूळ कारण गेले की पुटकुळी सहसा आपोआप बुजते.

हा पू नेहमीच हिरडीकडे वाट काढेल असे नाही. खालच्या दाढांचा जंतुसंसर्ग जिभेखाली आणि गळ्याकडे उतरला, तर दोन्ही बाजूंनी सूज येऊन श्वासाची वाट बंद होऊ शकते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. प्रतिजैविके आल्यापासून त्याने होणारे मृत्यू खूप कमी झाले, पण उशीर झाला तर तो आजही जीव घेतो. पुढच्या खुणा दिसल्या तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे:

- जबड्याखाली किंवा गळ्यावर टणक, पसरत जाणारी सूज
- तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, ती बाहेर गळते
- जीभ वर उचलली गेली आहे, आवाज घोगरा झाला आहे
- श्वास घ्यायला त्रास होतो किंवा थंडी वाजून ताप येतो

जबड्याच्या हाडातली सिस्ट

काही सिस्ट हाडाच्या आत वाढतात आणि वर्षानुवर्षे कळत नाहीत. यातली सर्वांत जास्त आढळणारी सिस्ट किडून मेलेल्या दातांच्या मुळाशी तयार होते. म्हणजे वर सांगितलेली दाढ तशीच ठेवली, तर पुढचा मुक्काम हा असू शकतो. दुसरी नेहमीची सिस्ट न उगवलेल्या दाताभोवती, बहुधा अक्कलदाढेभोवती होते.

वाढत जाणारी सिस्ट आजूबाजूचे हाड पोखरते. दात हलतात, सरकतात, गालावर फुगवटा येतो. पोखरलेला जबडा साध्या धक्क्यानेही मोडू शकतो. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये ती सापडते. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, त्यात ती स्पष्ट दिसते. काढलेली सिस्ट तपासणीसाठी पाठवावीच लागते, कारण काही प्रकार परत उद्भवतात आणि मग काही वर्षे एक्स-रे काढत राहावे लागते.

गालाचा दाणा, गरोदरपण आणि लहान मुले

गालाच्या आत, दात जिथे मिटतात त्या रेषेवर मांसाचा गुळगुळीत दाणा येतो. गाल पुन्हा पुन्हा चावला गेल्याने ती जागा घट्ट झालेली असते. तो धोकादायक नसतो, पण आपोआप जात नाही. त्रास होत असेल तर काढतात. टोकदार तुटका दात कारण असेल तर तो आधी घासून गुळगुळीत करावा लागतो.

गरोदरपणात हिरडीवर लालभडक, हात लागताच रक्त येणारी गाठ येऊ शकते. संप्रेरकांतल्या बदलांमुळे हिरड्या दातांवरच्या किटणाला जास्त प्रतिसाद देतात. बाळंतपणानंतर ती बहुधा लहान होते. या काळात दात घासणे सोडू नये. दातांची सफाई गरोदरपणातही करता येते. डॉक्टरांना गरोदर असल्याचे आधी सांगावे.

नवजात बाळाच्या टाळूवर किंवा हिरडीवर पांढरे मोत्यासारखे दाणे दिसतात. घरातली मोठी माणसे त्यांना दात समजून काळजी करतात. ते काही आठवड्यांत आपोआप जातात, ते खरवडू नयेत. दात यायच्या वयात हिरडीवर निळसर फुगा आला तर त्याखालून बहुधा दातच येत असतो.

न दुखणारी, न जाणारी

आता त्या थोड्या गाठींविषयी, ज्यांच्यासाठी एसटीची खेप चुकवायची नाही.

तोंडाचा कर्करोग हा भारतातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा गाल आणि हिरडी यांमधल्या खाचेत सुरू होतो. तंबाखूचा बार जिथे धरला जातो तीच ही जागा.

महाराष्ट्रातला तंबाखू प्रामुख्याने तोंडात धरायचा तंबाखू आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, म्हणजे जवळपास दर चौघांत एक. कोकणात त्यात मशेरी येते. तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला तंबाखू कुटून दातांना लावायचा ही सवय बायकांमध्येही रुळलेली आहे. तिला व्यसन न म्हणता दात घासणे म्हटले जाते, म्हणून "तंबाखू खाता का?" या डॉक्टरांच्या प्रश्नाला "नाही" असे उत्तर मिळते. मशेरी हा तंबाखूच आहे आणि तो डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे.

सुपारी एकटीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला कर्करोगकारक ठरवले. सुपारी, मावा, गुटखा यांमुळे गालाचे अस्तर ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, ते पाहावे. जात नसतील तर डॉक्टरांना दाखवावे. महाराष्ट्रात गुटख्याच्या उत्पादन व विक्रीवर २०१२ पासून बंदी आहे.

हा संबंध शोधण्याचे मोठे काम महाराष्ट्राच्याच गावांत झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली आणि १९७२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूच्या सवयी, तोंडातले पांढरे चट्टे आणि कर्करोग यांची सांगड त्यातून पुढे आली. राज्याचे माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांचे फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये याच आजारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि आपल्या सवयीविषयी व पश्चात्तापाविषयी ते नंतर जाहीरपणे बोलले.

तंबाखू न खाणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो, म्हणून खुणा सर्वांनीच ओळखाव्यात:

- दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम किंवा फोड
- पुसून न जाणारा पांढरा चट्टा. लाल मखमली चट्टा त्याहून जास्त गंभीर
- कडा टणक असलेली, खालच्या भागाला चिकटलेली, न हलणारी गाठ
- किडलेला नसताना हलू लागलेला दात, किंवा दात काढल्यावर न भरणारी खाच
- ओठ किंवा हनुवटी बधिर होणे
- मानेत न दुखणारी, वाढणारी गाठ

दोन आठवड्यांचा हिशेब

तोंडाच्या आतले अस्तर लवकर भरून येते. चावलेली जीभ, भाजलेली टाळू, साधे तोंड येणे हे सारे सात ते चौदा दिवसांत बरे होते. म्हणून जगभरचे दंतवैद्य एकच मुदत सांगतात: दोन आठवडे. दुखत असो वा नसो, जखम, चट्टा किंवा नवी गाठ दोन आठवड्यांनंतरही असेल तर दाखवावी.

मुदत लक्षात राहत नाही, म्हणून पहिल्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. आठवड्याने त्याच उजेडात दुसरा काढावा. डॉक्टरांना हे दोन फोटो खूप उपयोगी पडतात. पण फोटो ही नोंद आहे, निदान नाही. गाठ मऊ आहे की टणक, हलते की चिकटलेली, हे बोट लावल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे ग्रुपवर फोटो टाकून आलेल्या "काही नाही, माझंही असंच होतं" या उत्तरावर थांबू नये.

महिन्यातून एकदा घरीच तपासणी

हात धुऊन, कवळी असेल तर काढून, आरशासमोर उजेडात उभे राहावे. ओठ उलटे करून आतली बाजू पाहावी. गाल बोटाने बाहेर ओढून दोन्ही बाजूंची हिरडीलगतची खाच पाहावी. मान मागे करून टाळू पाहावी. जीभ बाहेर काढून वरची बाजू, मग टोक कापडात धरून दोन्ही कडा, आणि शेवटी जीभ वर लावून खालचा भाग पाहावा. मग जबड्याखाली आणि मानेवर बोटे फिरवावीत. दोन मिनिटांचे काम आहे. तंबाखू, मशेरी, सुपारी किंवा दारूची सवय असलेल्यांनी ते चुकवू नये.

केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. उजेड, डोळे आणि वेळेत पाठवणी एवढ्यावरच हे साधले.

घरी काय करावे, काय नाही

करण्यासारखे:

- पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या
- मऊ ब्रशने दोन वेळा दात घासणे
- गाठ असेपर्यंत तिखट, फार गरम आणि टोचणारे पदार्थ टाळणे. पेज, मऊ भात, ताक चालते
- तंबाखू, मशेरी, सुपारी बंद

टाळायचे:

- सुई, ब्लेड किंवा काट्याने फोडणे, दोरा बांधणे
- दुखऱ्या हिरडीवर वेदनाशामक गोळी दाबून ठेवणे. तिथली कातडी भाजते
- लवंगेचे तेल थेट हिरडीवर ओतणे. त्यानेही भाजते
- गालाच्या सुजेला बाहेरून गरम शेक देणे. पू गालाकडे वाट काढू शकतो
- अर्धवट उरलेल्या जुन्या गोळ्या घेणे
- लाल-निळ्या, दाबल्यावर फिकट होणाऱ्या गाठीला हात लावणे. ती रक्तवाहिन्यांची असू शकते आणि फुटली तर खूप रक्त जाते

जाईचा पाला चघळून तोंड आलेले बरे वाटत असेल तर हरकत नाही. पण तोही दोन आठवड्यांच्या आतच. त्यापुढे पाला आणि मलम बदलत बसू नये.

कुठे जायचे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा आशाताईंना विचारून करता येते. महाड आणि पोलादपूर इथे ग्रामीण रुग्णालये, माणगावला उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारून निघावे, म्हणजे खेप फुकट जात नाही.

सिस्टचे किंवा मोठ्या गाठीचे ऑपरेशन असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. तिथे खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. कर्करोगाची शंका असेल तर परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते १९४१ पासून सुरू आहे. खेड-चिपळूणकडे जाणे सोयीचे असेल त्यांच्यासाठी डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईला चाकरमानी असते. राहायची सोय त्यांच्याकडे होत असेल तर संकोच करू नये.

कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे आणि रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

तुकडा काढला तर कर्करोग पसरतो का?

नाही. ही भीती अनेकांना महिनोन्‌महिने घरी बसवते. जागा बधिर करून गाठीचा छोटा तुकडा किंवा लहान गाठ पूर्ण काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. याला बायोप्सी म्हणतात. गाठ कशाची आहे हे नक्की सांगणारी हीच तपासणी आहे. त्यामुळे कर्करोग पसरत नाही. उशीर झाल्याने मात्र तो पसरतो.

डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: ही गाठ कशाची वाटते? काढलेला भाग तपासणीला पाठवणार का? अहवाल कधी मिळेल? ती परत येऊ शकते का? अहवालाचा कागद जपून ठेवावा. गाठ परत आली तर पुढच्या डॉक्टरांना तोच लागतो.

ऑपरेशननंतरचे आठ दिवस

पहिल्या दिवशी कापसाचा बोळा सांगितला तितका वेळ दाबून धरावा आणि बाहेरून बर्फ लावावा. पहिले चोवीस तास जोरात गुळण्या करू नयेत, थुंकू नये, स्ट्रॉने काही पिऊ नये. नाहीतर साकळलेले रक्त निघून पुन्हा रक्त येते. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात. ओठाच्या ऑपरेशननंतर थोडा भाग काही दिवस बधिर वाटू शकतो. रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल किंवा ताप आला तर परत दाखवावे. जखम भरेपर्यंत मशेरी, तंबाखू पूर्ण बंद ठेवावी. इतके दिवस सोडता आली, तर पुढेही सोडता येते.

थोडक्यात सांगायचे तर तोंडातली बहुतेक गाठ साधी असते. ती साधी आहे हे ठरवताना दुखते की नाही, याला फार महत्त्व देऊ नये. दिवस मोजावेत. चौदाव्या दिवशी ती तिथेच असेल, तर पंधराव्या दिवशीची एसटी पकडावी.